आपण किती जणांना ओळखतो? खानदेशातील एका तालुक्यात उत्तरदात्यांचे ओळखीचे वर्तुळ मोजताना

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्यात झालेल्या सर्वेक्षणाचे आहे. तालुका, संस्था आणि संबंधित व्यक्ती यांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि मूळ आकडे दिलेले नाहीत. आकडेमोड समजावताना वापरलेल्या संख्या सोयीसाठी गोल घेतलेल्या, निव्वळ उदाहरणादाखल आहेत.

पार्श्वभूमी

खानदेशात दादर (रब्बी ज्वारी), गहू आणि मका यांच्या मळणीच्या दिवसांत मळणी यंत्रात हात जाण्याचे अपघात घडतात. कडबा कुट्टी यंत्रावर तर ते वर्षभर घडत राहतात. अशा अपघातात बोटे किंवा हात गमावलेल्या माणसांची एकत्रित नोंद कुठेही नसते. कोणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जातो, कोणी जळगाव, धुळे किंवा थेट सुरतेतल्या नातेवाइकाकडे जाऊन उपचार घेतो, तर कोणी खासगी दवाखान्यात जखम शिवून घरी परततो. शासनाची शेतकरी अपघात अनुदान योजना आहे, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यापुरती आहे. यंत्रावर पेंढ्या लावणारा माणूस पुष्कळदा भूमिहीन मजूर असतो आणि तो योजनेच्या कागदपत्रांत कधीच उमटत नाही.

या तालुक्यात पुनर्वसनाचे काम करणाऱ्या एका लहान संस्थेला अशा अपंगत्व आलेल्या माणसांची संख्या अंदाजे तरी ठरवायची होती, कारण कृत्रिम हात बसवण्याच्या शिबिराचा खर्च आणि मजुरांसाठीच्या मागणीचा मसुदा दोन्ही त्या संख्येवर अवलंबून होते. घरोघर यादी करण्याइतका पैसा नव्हता. नेहमीच्या नमुना सर्वेक्षणात इतक्या विरळ घटनेची मोजकीच घरे सापडली असती आणि त्यांवरून निघालेल्या अंदाजाला काही अर्थ उरला नसता. म्हणून उत्तरदात्याला स्वतःविषयी न विचारता त्याच्या ओळखीतल्या लोकांविषयी विचारायचे असे ठरले.

पद्धत थोडक्यात

या पद्धतीला ‘नेटवर्क स्केल-अप’ म्हणतात. तिचा उगम १९८५ च्या मेक्सिको सिटीतील भूकंपाशी जोडलेला आहे. मृतांच्या आकड्यावर एकमत होत नव्हते, तेव्हा मानवशास्त्रज्ञ रसेल बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील लोकांना त्यांच्या ओळखीतले कोणी गेले का, असे विचारून उलट दिशेने अंदाज बांधण्याचा विचार मांडला. पुढे पीटर किलवर्थ या समुद्रशास्त्रज्ञाने त्यांच्याबरोबर या विचाराला गणिती रूप दिले.

तर्क साधा आहे. एखाद्या माणसाच्या ओळखीच्या वर्तुळात अपघातग्रस्तांचे जे प्रमाण आहे, तेच प्रमाण सरासरीने तालुक्यातही असेल असे धरायचे. मात्र त्यासाठी त्या वर्तुळाचा आकार माहीत हवा, आणि ‘तुम्ही किती जणांना ओळखता?’ या थेट प्रश्नाला कोणीही विश्वासार्ह उत्तर देऊ शकत नाही. म्हणून वळसा घ्यावा लागतो. ज्यांची एकूण संख्या आधीच ठाऊक आहे असे काही गट निवडायचे, त्या प्रत्येक गटातील किती जणांना ओळखता ते विचारायचे, आणि उत्तरांची बेरीज त्या गटांच्या एकूण संख्येने भागून तालुक्याच्या लोकसंख्येने गुणायची. समजा तालुका तीन लाखांचा आहे, त्यात गेल्या वर्षभरात बाळंत झालेल्या स्त्रिया ४,५०० आहेत आणि उत्तरदाते सरासरी तीन जणींना ओळखतात. मग तीन भागिले ४,५०० गुणिले तीन लाख, म्हणजे ओळखीचे सरासरी वर्तुळ २०० माणसांचे.

या गणिताचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही आणि पुढे तो या प्रकरणात महत्त्वाचा ठरला. वर्तुळाचा आकार काढताना तालुक्याच्या लोकसंख्येने गुणले जाते आणि अपघातग्रस्तांची संख्या काढताना त्याच आकाराने भागून पुन्हा लोकसंख्येने गुणले जाते. त्यामुळे अंतिम उत्तरातून लोकसंख्या निघून जाते. २०११ नंतरचे जनगणनेचे आकडे हाताशी नसल्याने तालुक्याची आजची लोकसंख्या किती धरायची यावर संस्थेत बराच वाद झाला, पण त्याचा अपघातग्रस्तांच्या अंदाजावर काहीच परिणाम होणार नव्हता. परिणाम होणार होता तो ज्ञात गटांच्या आकड्यांच्या अचूकपणाचा आणि निवडीचा, ज्यावर त्या टप्प्यावर फारशी चर्चा झाली नाही.

समस्या

पहिल्या प्रश्नावलीत संस्थेने सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, रास्त भाव दुकानदार आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक असे गट घेतले. निवडीमागचे कारण समजण्यासारखे होते, कारण हे सगळे आकडे पंचायत समिती आणि तहसील कार्यालयात एका बैठकीत मिळाले, त्यांत वाद नव्हता आणि या पदांवरचा माणूस कोण हे गावात कोणालाही सांगता येत होते.

चाचणी फेरीतले आकडे आले तेव्हा सरासरी वर्तुळ हजारांच्या घरात गेले होते. केवळ आकडा मोठा आहे म्हणून तो चुकीचा म्हणता आला नसता. अमेरिकेत याच पद्धतीने आधी सुमारे २९० आणि नंतर, त्याच सर्वेक्षणातील नावांविषयीच्या उत्तरांवर विस्मरणाची दुरुस्ती करून, सुमारे ६१० अशी सरासरी निघालेली आहे. त्यामुळे ‘योग्य’ आकडा कोणता याचे बाहेरून आणलेले उत्तर उपलब्ध नव्हते. शंका आली ती उत्तरदात्यांच्या आपसातील क्रमावरून. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरील काही स्त्रियांचे वर्तुळ तालुक्याच्या बाजारपेठेतील किराणा दुकानदारांपेक्षा मोठे दिसत होते. ज्या स्त्रीचा घर, शेत आणि पाड्यावरची चार घरे यांपलीकडे कोणाशी नियमित संबंध येत नाही, ती सेविका, आशा आणि पोलीस पाटील या तिघांना मात्र नक्की ओळखते. गणिताने त्या तीन ओळखींवरून तिला शेकडो ओळखी बहाल केल्या होत्या.

कारण पद्धतीच्या मूळ गृहीतकात होते. ज्ञात गटांतील माणसे एकत्रितपणे सर्वसाधारण माणसाइतकीच ओळखीची असली पाहिजेत. सेविकेचे किंवा पोलीस पाटलाचे कामच गावाला माहीत असण्याचे आहे. समजा तीन लाखांच्या तालुक्यात अशा पदांवर ३०० माणसे आहेत आणि प्रत्येक उत्तरदाता त्यांतील सरासरी दोघांना ओळखतो. मग वर्तुळ निघते २,००० चे, म्हणजे बाळंतिणींवरून काढलेल्या आकड्याच्या दहापट. आणि वर्तुळ दहापट झाले की अपघातग्रस्त दहाव्या हिश्श्यावर येतात. उत्तरदात्यांनी सरासरी ०.१ अपघातग्रस्त सांगितले असतील, तर एका मोजणीने तालुक्यात १५० निघतील आणि दुसरीने १५. शिबिरासाठी निधी मागताना या दोन आकड्यांत काय फरक पडतो हे सांगण्याची गरज नाही. माप मोठे निघाले की धान्य कमी भरते, आणि मापाकडे कोणी पाहत नाही.

आणखी एक गुंता होता. प्रगणक म्हणून काही गावांत आशा कार्यकर्तींनाच घेतले होते. समोर आशा बसलेली असताना ‘किती आशांना ओळखता?’ या प्रश्नाचे उत्तर शून्य येण्याची शक्यताच नव्हती.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय ओळखी प्रकारानुसार मोजून बेरीज करण्याचा होता, म्हणजे घरचे, भाऊबंद, सासरकडचे, शेजारी, मजुरांच्या टोळीतले, बचतगटातले, भजनी मंडळातले अशा याद्या स्वतंत्रपणे विचारायच्या. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ही बेरजेची पद्धत आणि ज्ञात गटांची पद्धत यांच्या सरासरी एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या होत्या. तिथे मात्र नातेवाईक, शेजारी आणि सहकारी हे बहुतेक वेगवेगळे लोक असतात. इथे एकच माणूस भाऊबंद असतो, शेजारी असतो, शेताचा बांधकरी असतो आणि त्याच्याच विहिरीवरून पाण्याची पाळीही असते, आणि तो चार याद्यांत चार वेळा मोजला जातो. शिवाय मोठ्या प्रकारांना लोक पन्नास, शंभर अशी गोल उत्तरे देतात. चाचणीत ‘भाऊबंद किती?’ याला आलेली बहुतेक उत्तरे शून्यावर संपणारी होती.

दुसरा पर्याय नावांचा होता. ठरावीक नावाच्या किती जणांना ओळखता असे विचारायचे आणि त्या नावांची एकूण संख्या मतदार यादीतून मोजायची. या विषयावरील संशोधन असे सुचवते की लोकसंख्येच्या साधारण ०.१ ते ०.२ टक्के माणसांची असलेली नावे घ्यावीत आणि त्यांचा संच वय व लिंगाच्या दृष्टीने लोकसंख्येसारखा असावा, कारण फार प्रचलित नावाची माणसे आठवताना बरीच सुटतात. कागदावर हा पर्याय सर्वांत नेटका होता आणि माझ्या मते संस्थेने तो ज्या कारणांनी नाकारला ती कारणे नोंदवून ठेवण्याजोगी आहेत. गावात वयस्कर माणूस नाना, आबा, अण्णा म्हणून ओळखला जातो आणि त्याचे यादीतले नाव पुढच्या गल्लीलाही ठाऊक नसते. स्त्रिया अमक्याची आई किंवा तमक्याची सून म्हणून ओळखल्या जातात, काही घरांत लग्नानंतर नाव बदलते आणि माहेरचे नाव माहेरीच राहते. नावे जातीनुसार आणि पिढीनुसार गटांत विभागलेली असतात. आणि मतदार यादी ही राहणाऱ्यांची यादी नसते. सुरतेच्या उधना, लिंबायतसारख्या भागांत कित्येक वर्षे स्थायिक झालेल्या माणसांची नावे गावच्या यादीत तशीच असतात.

तिसरा पर्याय मोबाइलमधील नावांची संख्या मोजण्याचा होता. तो लवकरच मागे पडला, कारण अनेक घरांत एकच फोन सर्वांचा असतो आणि केळी व्यापाऱ्याच्या फोनमधील नावे हा त्याच्या धंद्याचा हिशेब असतो.

बैठकीत स्थानिक कार्यकर्त्यांनी लग्नाच्या पत्रिकांची यादी आणि आहेराची वही वापरण्याची कल्पना मांडली. ती मला आजही मोलाची वाटते. ही वही स्मरणावर अवलंबून नसते आणि कोण कोणाला धरून आहे याची ती लेखी नोंद असते. पण तिचे एकक घर असते, त्यात तालुक्याबाहेरचे निम्मे लोक असू शकतात आणि अलीकडे ज्यांच्या घरी लग्न झाले आहे त्यांच्याकडेच ती सापडते. मुख्य मोजमाप म्हणून ती नाकारली आणि पडताळ्यासाठी राखून ठेवली.

उरला तो पर्याय ज्ञात गटच बदलण्याचा, पदांऐवजी घटनांवर आधारलेले गट घेण्याचा. यात काम सर्वांत जास्त होते, कारण आकडे एका कार्यालयात मिळणार नव्हते.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय ‘ओळख’ म्हणजे काय याचा होता. प्रचलित व्याख्येत दोघेही एकमेकांना चेहऱ्याने किंवा नावाने ओळखतात, गरज पडल्यास संपर्क करता येतो, गेल्या दोन वर्षांत संपर्क झालेला आहे आणि ती व्यक्ती ठरलेल्या भूभागात राहते, अशा चार अटी असतात. परस्परतेची अट प्रगणकांना पुन्हा पुन्हा बजावावी लागली. गावातला वजनदार माणूस ‘आख्खं गाव माले वळखस’ असे सहज म्हणतो, पण त्यातून तो गावातल्या किती जणांना ओळखतो हे कळत नाही.

याला पर्याय म्हणून अधिक घट्ट व्याख्याही चाचणीत निम्म्या उत्तरदात्यांना दिली. रवांडात २०११ च्या एका सर्वेक्षणात उत्तरदात्यांचे दोन भाग करून एका भागाला नेहमीची व्याख्या आणि दुसऱ्याला ‘गेल्या बारा महिन्यांत ज्याच्याबरोबर जेवण किंवा पेय घेतले’ अशी व्याख्या देण्यात आली होती, आणि घट्ट व्याख्येने ज्ञात गटांचे अंदाज काहीसे सुधारले होते. इथे ती जशीच्या तशी चालली नाही. लग्नातल्या वरण-बट्टीच्या पंगतीला शेकडो माणसे बरोबर जेवतात आणि त्यांतल्या बहुतेकांशी बोलणेही होत नाही, म्हणून पंगत वगळावी लागली. पंगत वगळल्यावर उरलेले जेवण जातीच्या रेषेने विभागले गेले. बागायतदाराच्या शेतात वर्षानुवर्षे काम करणारा मजूर बांधावर आपली भाकरी आपल्या टोळीबरोबर खातो, मालकाबरोबर नाही. अपघातग्रस्तांत मजुरांचा भरणा असल्याने या व्याख्येने नेमके तेच लोक इतरांच्या वर्तुळाबाहेर गेले असते. चहा धरल्याने स्थिती थोडी सुधारली, तरीही संस्थेने प्रचलित व्याख्याच कायम ठेवली. दुसऱ्या देशात चांगली ठरलेली व्याख्या इथे नाकारण्याचा हा निर्णय योग्यच होता असे मला वाटते, कारण तो चाचणीतल्या उत्तरांवरून घेतला होता.

दुसरा निर्णय भूभागाच्या सीमेचा. उत्तर तालुक्यापुरते हवे असल्याने ओळखी तालुक्यातल्याच मोजायच्या होत्या. पण लग्न होऊन आलेल्या स्त्रीची अर्धी ओळख माहेरच्या तालुक्यात असते. तालुक्याच्या सीमेत स्त्रियांचे वर्तुळ पुरुषांपेक्षा स्पष्टपणे लहान दिसले. सीमा जिल्ह्यापर्यंत नेली तर हा फरक कमी झाला असता, पण मग सगळे ज्ञात गट जिल्ह्याच्या पातळीवर मोजावे लागले असते आणि जिल्ह्याच्या टोकाला काय घडते ते लोकांना माहीत नसते. सीमा तालुक्याचीच ठेवली आणि माहेर तालुक्याबाहेर आहे का, हा एक वेगळा प्रश्न जोडला, म्हणजे अहवाल वाचणाऱ्याने स्त्रियांचे संबंध कमी असतात असा निष्कर्ष काढू नये.

तिसरा निर्णय वेळेचा. खरिपापूर्वी हात मोकळे असतात म्हणून सर्वेक्षण वैशाखात ठरले होते, पण त्याच सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. माहेरवाशिणी आलेल्या असतात, सुरतेचे लोक गावी असतात आणि कोण ‘इथे राहते’ हे सांगणे अवघड होते. श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवाच्या वेळीही हेच होते, तेव्हा तर सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. फेरी आखाजीनंतर ढकलण्यात आली आणि गेल्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ तालुक्यात राहिलेल्यांनाच उत्तरदाता मानायचे ठरले.

चौथा आणि सर्वांत वेळखाऊ निर्णय नव्या गटांचा. वर्षभरात बाळंत झालेल्या स्त्रिया हा गट सोपा वाटला, पण जन्माची नोंद जन्म जिथे होतो तिथे होते. जळगावच्या रुग्णालयातले बाळंतपण जळगावात नोंदले जाते आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने तालुक्यातली सून दुसऱ्या तालुक्याच्या नोंदवहीत जाते. म्हणून नोंदणी कार्यालयाचा आकडा सोडून प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या राहत्या पत्त्यानुसार केलेल्या याद्या एकत्र केल्या. दुसरा गट वर्षभरात घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबप्रमुखांचा, ज्यांच्या याद्या ग्रामपंचायतीत लावलेल्या असतात. हा गट गरिबांकडे झुकलेला आहे, म्हणून समतोलासाठी ट्रॅक्टर घेतलेल्यांचा गट विचारात होता, पण वाहन नोंदणीतून तालुक्याचा आकडा वेगळा काढता येईना. तिसरा गट तालुक्यातील शाळांतून त्या वर्षी दहावीला बसलेल्या विद्यार्थ्यांचा. वृद्धांसाठी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचा गट सुचवला गेला आणि वगळला गेला, कारण मोफत शिबिरातल्यांची नोंद मिळत होती, खासगी दवाखान्यातल्यांची नाही, आणि उत्तरदात्याला दोन्हींतला फरक ठाऊक नसतो. त्याऐवजी वर्षभरात वारलेल्या व्यक्ती हा गट राहत्या पत्त्यानुसार जुळवून घेतला. मृत्यूची बातमी दूरवर पोहोचते आणि दहाव्याला जाणे होते, त्यामुळे तो वृद्धांच्या ओळखी बऱ्यापैकी पकडतो. मात्र व्याख्येत ‘वारण्यापूर्वी दोन वर्षांत संपर्क’ असा बदल करावा लागला. जुन्या यादीतून फक्त शिक्षक हा गट ठेवला, तोही केवळ तुलनेसाठी.

गटांचे आकार निवडताना आणखी एक मर्यादा पाळली. फार मोठ्या गटातील ओळखी लोक कमी मोजतात आणि फार लहान गटातील जास्त, हे अनेक सर्वेक्षणांत दिसलेले आहे. दोन टोकांचे गट टाळले.

अपघाताची व्याख्याही आवळली. एका बोटाचे पेर गेलेले असेल तर ते ओळखीच्यालाही माहीत नसते. दोन किंवा अधिक बोटे अथवा त्याहून जास्त भाग गेलेल्यांनाच मोजायचे ठरले, म्हणजे दिसत नसल्यामुळे सुटणारे कमी होतील. आणि आशा कार्यकर्तींऐवजी दुसऱ्या गावचे प्रगणक घेतले.

निष्पत्ती

नव्या गटांवरून निघालेले सरासरी वर्तुळ पहिल्या फेरीच्या कितीतरी पटींनी लहान आले. पाड्यांवरील स्त्रियांचे वर्तुळ सर्वांत लहान आणि बाजारपेठेतील दुकानदार, दूध संकलन करणारे, वाहनचालक यांचे मोठे, असा अपेक्षित क्रम दिसू लागला. ज्या थोड्या घरांत आहेराची वही पाहायला मिळाली, तिथे वहीतील तालुक्यातली घरे आणि काढलेले वर्तुळ यांचा चढ-उतार बराचसा सारखा होता. त्याहून अधिक त्या पडताळ्यातून म्हणता येत नाही.

प्रत्येक ज्ञात गट बाजूला ठेवून उरलेल्या गटांवरून त्याची संख्या काढायची आणि खऱ्या आकड्याशी ताडून पाहायची, ही अंतर्गत तपासणीही केली. बाळंतिणी, घरकुलवाले आणि मृत यांचे अंदाज खऱ्या आकड्यांच्या आसपास आले. दहावीच्या विद्यार्थ्यांचा अंदाज खूप कमी आला. शेजारच्या मुलाला लोक ओळखतात, पण तो यंदा दहावीला होता हे त्यांना माहीत नसते. शिक्षकांचा अंदाज अपेक्षेप्रमाणे फार जास्त आला. इथे एक नाजूक निर्णय होता. दहावीचा गट काढला तर वर्तुळ वाढते आणि अपघातग्रस्तांचा अंदाज घटतो, ठेवला तर उलट. कोणता गट किती चुकला म्हणजे काढायचा हा नियम आकडे येण्यापूर्वी लिहून ठेवलेला नव्हता. संस्थेने दोन्ही प्रकारे काढलेले अंदाज अहवालात दिले, पण ठळकपणे छापला तो मोठा आकडा. मला हे पटलेले नाही. कारण स्पष्ट असेल तर गट काढण्यात काही गैर नाही, पण संस्थेला हवा तो आकडा ज्या निवडीने मिळतो तीच निवड पुढे येणे वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

अनिश्चिततेची मर्यादा काढताना उत्तरदात्यांऐवजी गावे एकक धरून जमलेल्या उत्तरांतूनच पुन्हा पुन्हा नमुने घेतले, कारण एका गावातील सगळे उत्तरदाते त्याच एका अपघाताबद्दल सांगतात. मर्यादा रुंद आली. अहवाल स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यांना एकच आकडा हवा होता, त्यांना खालची आणि वरची अशा दोन मर्यादा देण्यात आल्या आणि शिबिराचे नियोजन खालच्या मर्यादेवर झाले. शिबिरानंतर काही गावांत घरोघर यादी झाली. मुख्य गावांत ती अंदाजाशी जुळली, पाड्यांवर मात्र अंदाजापेक्षा जास्त माणसे सापडली.

वेगळे काय करता आले असते

पाड्यांवरचा हा फरक अडथळ्यांमुळे होता. मुख्य गावातल्या उत्तरदात्याच्या वर्तुळात पाड्यावरची माणसे कमी असतात आणि अपघातग्रस्त मजूर तिथेच जास्त असतात. नमुन्यात पाड्यांना त्यांच्या लोकसंख्येइतके स्थान मिळाले असते तर हा फरक पुष्कळ भरून निघाला असता. प्रत्यक्षात रस्ता नसल्याच्या कारणाने काही पाडे बदलून मुख्य गावे घेतली गेली होती आणि ती बदली अहवालाच्या परिशिष्टात एका ओळीत आली आहे. न्यू यॉर्कच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की एखाद्या गटाविषयीच्या उत्तरांचे विखुरलेपण, म्हणजे काहींना शून्य आणि काहींना पुष्कळ ओळखी असणे, हीच त्या गटाभोवतीच्या सामाजिक भिंतीची खूण मानता येते. शून्य आणि बरेच अशी उत्तरे या सर्वेक्षणातही होती. ती सरासरीत विरली. गावनिहाय मांडली असती तर पाड्यांकडे पुन्हा जाण्याची गरज अहवालापूर्वीच दिसली असती.

दुसरी गोष्ट अपघातग्रस्तांच्या स्वतःच्या वर्तुळाची. हात गमावलेला माणूस पूर्वीइतका बाजारात, लग्नात, मजुरांच्या अड्ड्यावर दिसतो का? त्याचे वर्तुळ सर्वसाधारण माणसापेक्षा लहान असेल तर इतरांच्या उत्तरांतून तो कमी वेळा येतो आणि अंदाज घटतो. ब्राझीलमधील कुरितिबा शहरात अंमली पदार्थांचे व्यसन असलेल्यांच्या अभ्यासात त्याच गटातील लोकांना भेटून त्यांच्या ओळखीतल्या किती जणांना त्यांच्याविषयी ठाऊक आहे हे स्वतंत्रपणे विचारण्यात आले आणि त्यावरून दुरुस्ती करण्यात आली. शिबिराला आलेल्यांना तेच ज्ञात गटांचे प्रश्न विचारता आले असते, आणि त्यासाठी वेगळा खर्चही लागला नसता. शिबिराला येणारे हे तुलनेने फिरते, माहितीतले लोक असतात, म्हणून ही दुरुस्तीही पुरी पडली नसती, पण ती कोणत्या दिशेची आहे ते तरी कळले असते.

तिसरी गोष्ट गट काढण्याच्या नियमाची. पुढील फेरीच्या आराखड्यात तो आता आधीच लिहिलेला आहे: अंतर्गत तपासणीत अंदाज खऱ्या आकड्याच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त आला तर गट वगळायचा आणि वगळण्यापूर्वीचा अंदाजही शेजारी छापायचा. निम्मे आणि दुप्पट या मर्यादा कुठल्याही सिद्धांतातून आलेल्या नाहीत. दहावीच्या जागी कोणता गट घ्यायचा हे अजून ठरायचे आहे. वर्षभरात घरात लग्न झालेली कुटुंबे हा गट लोकांना सर्वांत चांगला आठवतो, पण सगळ्या लग्नांची नोंदणी होत नसल्याने त्याची एकूण संख्या ग्रामसेवकाच्या वहीतून मिळत नाही. काही गावांत मंडपवाल्यांकडून ती जुळवण्याचा प्रयत्न सुरू आहे.